संमतिवय आणि संमति

कल्याणचें नांव घेतलें कीं मराठी घरांतील मुलांना प्रथम सुभेदाराच्या सुनेची कथा आठवते. १६५७ सालीं शिवाजीमहाराजांनीं कल्याण घेतलें; त्या स्वारींत सुभेदाराची सून हातीं लागली; महाराजांनीं तिला मातेसमान मानून, साडीचोळीनें गौरवून, सन्मानानें परत पाठविलें, अशी ती कथा. तिला समकालीन कागदपत्रांचा आधार कितपत आहे ह्याविषयीं इतिहासकार साशंक आहेत. परंतु बलवान पुरुषानें परस्त्रीच्या अब्रूचें रक्षण करावें हा आदर्श तिनें पिढ्यान्‌पिढ्या आमच्या मनांत रुजविला आहे, आणि हें तिचें ऋण लहान नव्हे. ठाणें, कल्याण आणि डोंबिवली येथील मुलामुलींना इतिहास शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें; त्या अवधींत ही कथा आम्हीं वर्गांत अनेकदां आणि अभिमानानें सांगितली आहे.

परंतु कांहीं महिन्यांपूर्वीं एका विद्यार्थिनीनें आम्हांस निराळाच विचार करावयास लाविलें. एकोणिसाव्या शतकांतील सामाजिक सुधारणांचा भाग चालला होता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याची हकीकत आम्हीं सांगितली. सनावळी फळ्यावर लिहिली. टिळकपक्ष काय म्हणत होता आणि सुधारकांचें म्हणणें काय होतें हेंहि समजावून दिलें. तास संपतां संपतां ती मुलगी उठून म्हणाली, “सर, ह्या कायद्याच्या नांवांतच संमति आहे. पण ती कोणाची? त्या मुलींना कोणी विचारीत होतें का?” ‘ती कायद्याची परिभाषा आहे’ असें कांहीं तरी बोलून आम्हीं वेळ मारून नेली. घरीं परततांना मात्र ध्यानांत आलें कीं, हें उत्तर नव्हे. त्याच वेळीं सुभेदाराच्या सुनेची कथाहि मनांत पुन्हा जागी झाली. त्या कथेंत महाराज बोलतात, सरदार बोलतात. सून एक शब्दहि बोलत नाहीं. रक्षण होणें आणि आपल्याला विचारलें जाणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांतील पहिली आम्हांस फार पूर्वींपासून ठाऊक आहे. दुसरी आमच्या कायद्याला कशी आणि किती सावकाश उमगली, तें येथें सांगावयाचें आहे.

आरंभ कल्याणपासूनच करूं. आनंदीबाई जोशी ह्यांचें माहेर कल्याणचें. १८६५ च्या मार्चमध्यें जन्मलेल्या ह्या मुलीचें माहेरचें नांव यमुना. नवव्या वर्षीं तिचा विवाह टपालखात्यांतील कारकून गोपाळराव जोशी ह्यांच्याशीं झाला. ते बिजवर होते आणि वयानें तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनीं मोठे होते. चौदाव्या वर्षीं ती माता झाली. मूल दहा दिवसांत गेलें. त्यापुढील कथा प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ आहे. १८८३ सालीं त्या एकट्या अमेरिकेस गेल्या, मार्च १८८६ मध्यें फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्याच्या आधींच, पुण्यांत त्यांचा अंत झाला.

त्या चरित्राच्या तेजानें डोळे दिपल्यामुळें नववें वर्ष आणि चौदावें वर्ष ह्यांमधील काळाकडे आमची नजर सहसा जात नाहीं. त्या काळीं कायदा काय म्हणत होता? १८६० च्या दंडसंहितेनें स्त्रीच्या संमतीवांचून झालेला समागम हा गुन्हा ठरविला. दहा वर्षांखालील मुलीची संमति असली तरी ती संमति नव्हे, असेंहि ठरविलें. आणि शेवटीं एक अपवाद जोडला, तो असा कीं पत्नीचें वय दहाहून कमी नसेल, तर पतीचा तिच्याशीं समागम हा बलात्कार नव्हे. म्हणजे कल्याणच्या त्या मुलीच्या बाबतींत जें घडलें त्यांत कायद्याला बोट ठेवावयास जागा नव्हती. घरच्यांना दोष देण्यासाठीं आम्ही हें लिहीत नाहीं. त्यांनीं त्या काळच्या सर्व घरांप्रमाणेंच केलें. गोपाळराव तर पत्नीला शिकविण्याच्या ध्यासानें पछाडलेले, आणि त्या ध्यासापायीं तिच्यावर हात उगारणारेहि. अमेरिकेंतून पतीला लिहितांना आनंदीबाईंनीं त्या मारहाणीची आठवण काढली आहे. आणि तरीहि त्याच अमेरिकेंत, बालविवाहावर बोलण्याचा प्रसंग आला असतां, त्यांनीं श्रोत्यांच्या अपेक्षेविरुद्ध त्या चालीचें समर्थन केलें. परक्यांपुढें आपल्या घराची लाज राखण्याची ती वृत्ति असेल, किंवा खरोखरच तसें मत असेल. पण ज्या मनुष्याला दुसरी वाट कधीं दाखविलीच गेली नाहीं, त्याचें ‘हो’ किती वजनाचें मानावयाचें, हा प्रश्न येथेंच प्रथम उभा राहतो.

आनंदीबाई वारल्यानंतर बरोबर सहाव्या दिवशीं, म्हणजे ४ मार्च १८८७ रोजीं, मुंबईच्या हायकोर्टांत न्यायमूर्ति फॅरन ह्यांनीं दुसऱ्या एका मराठी स्त्रीविरुद्ध हुकूम दिला. रखमाबाई ह्या आनंदीबाईंहून अवघ्या चार महिन्यांनीं मोठ्या. त्यांचें लग्न अकराव्या वर्षीं दादाजी भिकाजी ह्यांच्याशीं झालें. परंतु त्या सासरीं गेल्या नाहींत, सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन ह्यांच्या घरीं राहून वाचीत आणि शिकत राहिल्या. पुढें दादाजींनीं बायकोनें नांदावयास यावें म्हणून कोर्टांत दावा लाविला. रखमाबाईंचें उत्तर साधें होतें: हें लग्न आपल्याला कांहीं कळत नसतांना लागलें, आपण त्याला कधीं मान्यता दिली नाहीं, आणि आपण जाणार नाहीं. सप्टेंबर १८८५ मध्यें न्यायमूर्ति पिन्ही ह्यांनीं तिच्या बाजूनें निकाल दिला. असला दावा हिंदु धर्मशास्त्रांतील नसून इंग्लंडांतील चर्चच्या कायद्यांतून इकडे आलेला आहे, आणि अजाण वयांत विवाह झालेल्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध पुरुषाच्या स्वाधीन करणें अमानुष होईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. अपिलांत हा निकाल फिरला, खटला पुन्हा चालला, आणि फॅरनसाहेबांनीं सांगितलें: एका महिन्यांत पतीच्या घरीं जावें, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करीन असें कळविलें.

लग्नमंडपांत ‘सावधान’ हा शब्द कानीं पडतांच लहानगा नारायण बोहल्यावरून पळाला आणि त्याचे समर्थ रामदास झाले, ही कथा आम्ही भक्तिभावानें सांगतों. मुलगा पळाला तर तो विरक्त ठरला. बावीस वर्षांची मुलगी ‘नाहीं’ म्हणाली तर तिच्यापुढें तुरुंगाचें दार उघडलें गेलें. सुदैवानें तेवढी वेळ आली नाहीं. जुलै १८८८ मध्यें दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढें रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या, आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं आपलें आयुष्य स्त्रियांच्या सेवेंत घालविलें. १९५५ सालीं त्या निवर्तल्या.

ह्या दोन स्त्रियांची चरित्रें शेजारीं ठेवलीं म्हणजे दोन स्वतंत्र प्रश्न स्पष्ट दिसूं लागतात. आनंदीबाईंच्या आयुष्यांतील प्रश्न वयाचा: जिला कळत नाहीं तिचें ‘हो’ खरें धरावें काय? रखमाबाईंच्या आयुष्यांतील प्रश्न संमतीचा: जिला कळतें तिचें ‘नाहीं’ मानावें काय? १८९१ च्या कायद्यानें पहिल्या प्रश्नाला थोडेंसें उत्तर दिलें आणि दुसऱ्याला हात लावला नाहीं.

त्या कायद्याची मागणी बेहरामजी मलबारी १८८४ पासून करीत होते. सरकारला प्रत्यक्ष हालविलें तें बंगालमधील एका खटल्यानें. फुलमणि नांवाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या समागमानें रक्तस्राव होऊन मेली. ती दहा वर्षांची रेषा ओलांडून गेलेली असल्यामुळें बलात्काराचा आरोप ठेवतांच येईना. १८९० सालीं पतीला बेदरकारपणें दुखापत केल्याबद्दल एक वर्षाची सक्तमजुरी मिळाली. जानेवारी १८९१ मध्यें सर अँड्र्यू स्कोबल ह्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत दहाच्या जागीं बारा वर्षें करण्याचें बिल आणलें, आणि १९ मार्च रोजीं तें कायदा झालें.

त्या तीन महिन्यांत महाराष्ट्रांत जो वाद पेटला त्याची आंच पुढें कित्येक वर्षें राहिली. विरोधी पक्ष म्हणत होता कीं प्रथम ऋतुप्राप्तीनंतर गर्भाधान हा संस्कार आहे, त्यांत कायद्यानें विघ्न येईल. डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं स्मृतिवचनें तपासून उत्तर दिलें कीं तो संस्कार लांबणीवर टाकल्यानें पाप लागत नाहीं. न्यायमूर्ति तेलंग त्याच पक्षाचे होते. आगरकरांचा ‘सुधारक’ तर शास्त्राची वाट पाहावयास तयारच नव्हता. टिळकांचा विरोध मात्र निव्वळ सनातनी नव्हता, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. परक्या सरकारनें आमच्या घरांत कायदा घेऊन शिरूं नये, सुधारणा लोकांनीं आपण होऊन करावी, अशी त्यांची भूमिका होती. आणि सुधारकांनीं स्वतःपुरतें बंधन घालून घ्यावें म्हणून त्यांनीं जीं कलमें सुचविलीं त्यांत मुलीचें लग्न सोळाच्या आंत करूं नये असें होतें. कायद्याच्या बारापेक्षां हें वय चार वर्षांनीं अधिक होतें.

आज हा वाद वाचतांना दोन्ही बाजूंच्या विद्वत्तेचें कौतुक वाटतें. तरीहि एक उणीव टोचल्याखेरीज राहत नाहीं. शास्त्र काय म्हणतें हें विचारलें गेलें, सरकारचा अधिकार किती हें विचारलें गेलें, डॉक्टरांचें मत विचारलें गेलें. जिच्या देहाची गोष्ट चालली होती तिला विचारण्याची कल्पनाच वादांत नव्हती. आणि कायद्याची घडण तर पाहा. पत्नी बारा वर्षांखालील असेल तर तिच्या ‘हो’ला अर्थ नाहीं, हें योग्यच झालें. पण बाराव्या वर्षानंतर काय? त्या अपवादामुळें पतीच्या बाबतींत तिच्या ‘नाहीं’लाहि अर्थ राहिला नाहीं. बारापर्यंत तिचा होकार मोजावयाचा नाहीं आणि बारानंतर तिचा नकार मोजावयाचा नाहीं. मग विवाहित स्त्रीच्या आयुष्यांत संमतीचा दिवस उगवतो तरी केव्हां? आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचें खरें उत्तर येथें आहे. ज्याला आम्हीं संमतिवय म्हटलें तें पत्नीपुरतें संमतीचें वय नव्हतेंच; पतीचा अधिकार कधीं सुरू होतो एवढेंच तें सांगत होतें.

ह्यापुढील साठ-सत्तर वर्षांत कायद्यानें वाढविला तो आंकडाच. १९२५ सालीं पत्नीसाठीं तेरा आणि इतरांसाठीं चौदा झाले. १९२८ सालीं सर मोरोपंत जोशी ह्यांच्या अध्यक्षतेखालीं संमतिवयाची चौकशी करण्यास एक समिति नेमली गेली. रामेश्वरी नेहरू तिच्या सभासद होत्या. हा कायदा देशांत बहुतेकांना ठाऊकच नाहीं, असें समितीला आढळून आलें. विवाहबंधनांत लहान मुलीवर होणाऱ्या ह्या अपराधाला ‘वैवाहिक दुर्वर्तन’ असें स्वतंत्र नांव द्यावें आणि पत्नीचें वय पंधरा करावें, अशी शिफारस तिनें केली. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या विवाहाचें वय चौदा ठरलें. १९४९ मध्यें पत्नीचें वय पंधरा आणि इतरांचें सोळा झालें; आणि त्या पंधरावर कायदा जो बसला तो अडुसष्ट वर्षें उठला नाहीं. १९७८ पासून अठरा वर्षांखालील मुलीचें लग्न बेकायदा होतें, २०१२ मध्यें बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा होऊन अठरा वर्षांखालील सर्वांना बालक म्हटलें गेलें. तरी पंधरा वर्षांच्या पत्नीविषयींचा अपवाद जागच्या जागीं होता. ११ ऑक्टोबर २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें वय अठरा केलें. दहापासून अठरापर्यंत येण्यास दीडशेंहून अधिक वर्षें लागलीं.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे जिला कळतें तिच्या ‘नाहीं’कडे येऊं. भीतीपोटीं किंवा गैरसमजुतीनें दिलेली संमति ही संमति नव्हे, हें तत्त्व दंडसंहितेंत १८६० पासून होतें. परंतु कोर्टांत भीति ओळखावयाची कशी? अंगावर जखमा नाहींत, आरडाओरडा नाहीं, तेव्हां संमति असलीच पाहिजे, असा तर्क दीर्घकाळ चालला. त्याला धक्का बसला तोहि महाराष्ट्रांतील एका खटल्यामुळें. १९७२ च्या मार्चमध्यें चंद्रपूर जिल्ह्यांतील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यांत एका गरीब आदिवासी मुलीवर दोन शिपायांनीं अत्याचार केल्याची तक्रार झाली. सेशन्स कोर्टानें आरोपींना सोडलें. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानें त्यांना दोषी ठरविलें आणि म्हटलें कीं, निमूटपणें सोसणें म्हणजे संमति देणें नव्हे. १९७८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला. अंगावर खुणा नाहींत, प्रतिकार झालेला दिसत नाहीं, ह्या गोष्टींना त्यांत वजन मिळालें.

पुढील वर्षीं सप्टेंबरांत उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार ह्या कायद्याच्या चार अध्यापकांनीं सरन्यायाधीशांस उघडें पत्र लिहिलें. रात्रीच्या वेळीं, पोलीस ठाण्याच्या चार भिंतींत, सरकारी शिपायांपुढें एका अल्पवयीन मजूर मुलीनें ओरडावें तरी कोणासाठीं, हा त्यांच्या पत्राचा गाभा होता. त्यांतून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ सालीं कायदा बदलला: पोलीस ठाण्यासारख्या ताब्याच्या जागीं समागम सिद्ध झाला आणि स्त्रीनें आपली संमति नव्हती असें सांगितलें, तर ती नव्हती असेंच कोर्टानें गृहीत धरावें.

संमति म्हणजे काय ह्याची व्याख्या मात्र आणखी तीस वर्षांनीं आली. डिसेंबर १९१२ नव्हे, डिसेंबर २०१२. इतक्या अलीकडच्या काळांतील दिल्लीची घटना, तिच्यामागून न्यायमूर्ति वर्मा समितीचा अहवाल, आणि २०१३ ची दुरुस्ति. तीप्रमाणें संमति म्हणजे स्त्रीनें स्वेच्छेनें आणि निःसंदिग्धपणें दिलेली मान्यता. ती शब्दानें, खुणेनें किंवा अन्य प्रकारें व्यक्त झालेली असावी. आणि ती त्या विशिष्ट कृतीपुरतीच असते. म्हणजे एका गोष्टीला दिलेला होकार दुसरीला लागू होत नाहीं, आणि कालचा होकार आज पुरत नाहीं. शिवाय केवळ प्रतिकार केला नाहीं एवढ्यावरून संमति होती असें मानूं नये, हें कायद्यांत अक्षरशः लिहिलें गेलें. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली; तिच्या ६३ व्या कलमांत हीच व्याख्या आहे.

आणि त्याच कलमांत, शेवटीं, तो जुना अपवादहि आहे. पत्नी अठरा वर्षांवरील असेल तर पतीचा समागम बलात्कार ठरत नाहीं. विभक्त राहणाऱ्या पत्नीला १९८३ पासून ह्या बाबतींत संरक्षण आहे, आणि २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालीं पत्नीला लैंगिक छळाविरुद्ध दाद मागतां येते, हें खरें. पण तिच्या ‘नाहीं’ला फौजदारी कायद्यांत पूर्ण किंमत आलेली नाहीं. मे २०२२ मध्यें दिल्ली हायकोर्टाच्या दोन न्यायाधीशांचीं ह्या अपवादाविषयीं परस्परविरुद्ध मतें पडलीं आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें गेला. अपवाद काढला तर कुटुंबें मोडतील, खोट्या तक्रारी होतील, असें एक बाजू म्हणते. ही भीति अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पुराव्याच्या अडचणी खऱ्या आहेत. परंतु १८९१ सालीं बारा वर्षांविरुद्ध देखील जवळजवळ हेच शब्द वापरले गेले होते, ही आठवण वाचकांनीं जवळ ठेवावी. रखमाबाईंवर ज्या प्रकारचा दावा झाला, तो १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांतहि राहिला आहे. त्यापायीं तुरुंग मात्र आतां नाहीं.

दुसऱ्या टोकालाहि आज एक अडचण आहे. सतरा वर्षांची मुलगी आणि तिच्याच वयाचा मुलगा एकमेकांच्या ओढीनें घर सोडतात, आईबाप फिर्याद देतात, आणि मुलावर गंभीर गुन्हा उभा राहतो. मुलीचें ‘मी आपण होऊन गेलें’ हें म्हणणें कायदा ऐकत नाहीं. आंकडा सर्वांना एकच माप लावतो, हा त्याचा दोष आहे. पण तो काढून टाकावा असें म्हणण्यापूर्वीं नववें वर्ष आणि चौदावें वर्ष ह्यांच्यामध्यें असलेली ती कल्याणची मुलगी डोळ्यांपुढें आणावी. तिच्यासाठीं आंकडा लागतोच. आंकड्याच्या पलीकडे गेलेल्या रखमाबाईसाठीं मात्र तो पुरत नाहीं; तिच्यासाठीं शब्दाला मान लागतो.

पुढच्या तासाला आम्हीं त्या विद्यार्थिनीला सांगितलें, “तुझ्या प्रश्नाचें उत्तर ‘नाहीं’ असें आहे, त्यांना कोणी विचारीत नव्हतें.” तिनें मान हालविली आणि वहींत लिहून घेतलें. तिला जें सांगितलें नाहीं तें येथें लिहितों. आमच्यासारख्या सुशिक्षित घरांत आज स्थळ येतें, पत्रिका जुळतात, बैठकीच्या तारखा ठरतात, आणि मग आम्ही अभिमानानें म्हणतों, “मुलीला विचारलें आहे.” बहुधा तिला सांगितलेलें असतें. ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीक ठेवून, आणि ती तसें म्हणाली तर घरांत कोणाचा चेहरा उतरणार नाहीं अशा रीतीनें, विचारलें होतें का? आमच्या स्वतःच्या घरीं हा प्रसंग येऊन गेला आहे. त्या वेळीं आम्हीं विचारलें होतें कीं सांगितलें होतें, हें आज खात्रीनें सांगतां येत नाहीं, आणि तें मुलीलाच विचारलें पाहिजे.